मे महिन्यात बेळगाव भागातल्या पै-पाहुण्यांच्या भेटी: रस्ते, वेळा, आहेर, जेवणावळ

मळवाट
मे महिन्याच्या सुट्टीत पुणे, मुंबई, बेंगळुरूहून बेळगाव भागात येणाऱ्यांची अडचण सारखीच असते. दिवस आठ-दहा, घरं पंचवीस-तीस, आणि तीही दोन राज्यांत विखुरलेली. चुलते बेळगावच्या शहापुरात, आजोळ खानापूर तालुक्यात, आत्या चंदगडला दिलेली, मावशी निपाणीला, चुलत बहीण अथणीकडे. पहिले तीन दिवस एकाच गल्लीत जातात आणि लांबची, थकलेली माणसं राहून जातात, म्हणजे ज्यांना भेटायलाच हवं होतं नेमकी तीच. म्हणून आधी आखून घ्यावं, आणि ती आखणी नातं बघून नाही तर रस्ता बघून करावी असं माझं ठाम मत आहे.

निपाणी आणि संकेश्वर पुणे–बेंगळुरू महामार्गावरच आहेत. पुण्याकडून येणाऱ्यांनी ती घरं येतानाच धरावीत. एकदा बेळगावला पोचून निपाणीसाठी पुन्हा पाऊणशे किलोमीटर मागं जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. अथणी, उगार, कुडची ही बाजू मिरजेला जवळ, म्हणून ती परतीच्या दिवशी ठेवावी आणि पुण्याची गाडी मिरजेहून पकडावी. चंदगडची बाजू हिंडलगा, बाची, शिनोळी या रस्त्यानं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखी आहे.

खानापूरकडं मात्र मुक्काम हवाच. जांबोटी-कणकुंबी एका दिशेला, नंदगड-बिडी दुसऱ्या, गुंजी-लोंढा तिसऱ्या. एका दिवसात तिन्ही धरायला गेलात तर प्रत्येक घरी उंबऱ्यावरूनच परतावं लागेल. आतल्या जंगलपट्ट्यातल्या गावांत फोनची रेंज भरवशाची नसते, तेव्हा निरोप आदल्या दिवशीच पोचवावा.

तारखा, आहेर, जेवण, बस यांवर जाणकारांनी भर घालावी.

कोरडवाहू
तारखेचं आधी. दोन्ही राज्यांच्या शाळांच्या सुट्ट्या जुळत नाहीत, हे बाहेर राहणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. कर्नाटकात उन्हाळी सुट्टी साधारण १० एप्रिलच्या आसपास लागते आणि मे संपता संपता शाळा उघडतात. महाराष्ट्रात सुट्टी मेच्या सुरुवातीला लागून जूनच्या मध्यापर्यंत चालते. दोन्हीकडची पोरं एकत्र खेळायला हवी असतील तर मेचे पहिले तीन आठवडे, बस्स. दिवाळीत हे साधत नाही, कारण कर्नाटकात मोठी सुट्टी दसऱ्याला असते आणि दिवाळीला मोजकेच दिवस मिळतात. महाराष्ट्रात त्याच्या उलट.

दुसरं शेतीचं. बेळगाव आणि खानापूर तालुक्यात भाताची धूळवाफ पेरणी असते, म्हणजे पावसाळ्याआधी कोरड्या मातीत पेरतात. वळीव चांगला झाला की मेच्या शेवटच्या आठवड्यात कुळव आणि पेरणीची घाई उडते. तेव्हा घरी गेलात तर म्हातारी माणसं आणि लहान पोरं भेटतील, कर्ती माणसं शिवारात असतील. त्यांना अंगणात खोळंबून ठेवणं बरं दिसत नाही.

वळीव बहुतेक दुपारी चारनंतर येतो, वाऱ्यासकट. झाड पडून रस्ता अडतो, वीज रात्रभरही जाते. म्हणून खेडी सकाळी आणि शहर संध्याकाळी. मोबाईल दुपारीच चार्ज करून ठेवावा.

दिवसातली वेळही जपावी. घरात म्हैस असेल तर सकाळी आणि संध्याकाळी डेअरीला दूध घालण्याच्या वेळेत घरच्या बाईचा एक पाय गोठ्यात असतो. सकाळी साडेनऊ ते बारा ही खेड्यातली निवांत वेळ. आठवडी बाजाराचा वार विचारून घ्या, त्या दिवशी दुपारपर्यंत घरी कुणी सापडत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये काम करणारा भाऊ असेल तर त्याची पाळी कोणती ते विचारा. रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाला सकाळी अकराला उठवून गप्पा मारायच्या नसतात.

शहापूर_पेठ
मेमध्ये लग्नाच्या तिथी दाट असतात हे विसरू नका. कॅलेंडरमध्ये मुहूर्ताच्या तारखांवर आधी खूण करा. त्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी तीन कुणाच्या दारी जाऊ नका, कुलूप दिसेल. उलट एखाद्या जवळच्या लग्नाचं आवताण असेल तर एका मांडवात वीस-पंचवीस माणसं भेटतात. फक्त तिथं बोलणं होत नाही. तोंडओळख मांडवात आणि बोलणं घरी, असं धरून चला.

पारंपरिक शिवजयंतीची तिथीही बघा. बेळगावात ती वैशाख शुद्ध द्वितीयेला, म्हणजे एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत केव्हाही येते. त्यापाठोपाठ चित्ररथ मिरवणूक असते आणि ती रात्रभर चालते. मारुती गल्ली, रामलिंगखिंड गल्ली, खडेबाजार या भागातली घरं त्या रात्री गाडीनं गाठता येत नाहीत. मुलांना चित्ररथ जरूर दाखवा, पण मग त्याच भागातल्या नातेवाइकाकडं संध्याकाळी सहालाच जाऊन बसा आणि मुक्काम तिथंच करा.

लोंढा_जंक्शन
बसबद्दल, कारण यात लोकांची फसगत होते.

कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. पण कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. आधारवर पुण्याचा पत्ता असेल तर माहेर बेळगावचं असलं तरी तिकीट काढावं लागतं, त्यासाठी कंडक्टरशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. ज्यांना सवलत आहे त्यांनीही शून्य रकमेचं तिकीट मागून घ्यायचं आणि उतरेपर्यंत जपायचं. राजहंस, स्लीपर, एसी गाड्यांना योजना नाही, आणि राज्याबाहेर जाणाऱ्या गाड्यांनाही नाही. म्हणजे निपाणीची मावशी बेळगावला फुकट येईल, पण कोल्हापूरला जाताना तिकीट पडेल.

महाराष्ट्राच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत, तेही राज्याच्या हद्दीपर्यंतच. चंदगडहून बेळगावला येणाऱ्या आत्याला हद्दीपुढच्या टप्प्याचे पूर्ण पैसे द्यावे लागतात. सुटे जवळ ठेवायला सांगा.

मोफत प्रवासामुळं रविवारी आणि सणाच्या आदल्या दिवशी खेड्यांच्या गाड्या भरून वाहतात. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचं असेल तर आठवड्यातला मधला वार आणि सकाळची आठच्या आतली गाडी. आतल्या गावांना दिवसातून मोजक्याच फेऱ्या असतात, परतीची शेवटची गाडी केव्हा आहे हे उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा.

सीमाप्रश्नावरून तणाव झाला की दोन्ही राज्यांच्या बस हद्दीवरच थांबवतात. सलग गाडी नसते, अलीकडं उतरून पलीकडं दुसरी धरावी लागते. १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव, मराठी भाषकांचा काळा दिवस) आसपास येणाऱ्यांनी हे हमखास लक्षात ठेवावं.

रेल्वेनं बेंगळुरूहून येणाऱ्यांना रात्रीची राणी चन्नम्मा सोयीची. पुण्याहून वंदे भारत बेळगावला थांबते, वार बघून घ्यावेत. स्वतःची गाडी असेल तर महामार्गावर कोल्हापूर ते बेळगाव या टप्प्यात निपाणीजवळ कोगनोळी आणि संकेश्वरच्या पुढं हत्तरगी असे दोन टोलनाके लागतात, फास्टॅगमध्ये पैसे ठेवा.

तंबाखू_बाजार
रस्ता बघून आखणी हे मान्य, पण एक अपवाद रस्त्याच्याही आधी धरावा. वर्षभरात ज्या घरात मयत झालं आणि तुम्ही येऊ शकला नव्हता, ते घर पहिलं. आडवाटेला असलं तरी. चार लग्नाघरी, बारशाला जाऊन आठव्या दिवशी तिथं गेलात तर ते मनाला लागतं, आणि लागायलाच हवं.

अशा घरी जाताना पेढे-मिठाई नेऊ नये. फळं, नाहीतर चहापूड आणि साखर न्यावी. नटूनथटून जाऊ नये. त्याच दिवशी दुसऱ्या घरी ओटी-आहेराचा कार्यक्रम ठेवू नये. बसणं अर्ध्या-पाऊण तासाचं. शेवटचे दिवस कसे गेले हे घरच्यांना सांगायचं असतं, ते सांगू द्यावं, मध्येच विषय बदलू नये. निघताना बऱ्याच घरांत ‘येतो’ म्हणत नाहीत, नुसतं उठून नमस्कार करून निघतात. काही घरी मंगळवार-शुक्रवारही पाळतात. चुलत भावाला फोन करून विचारलं की कळतं.

सुतकातलं घर वेगळं. तेरा दिवसांच्या आत भेटून आलात तर त्याच पावली दुसऱ्या नातेवाइकाकडं जायचं नाही. घरी येऊन आंघोळ, मग पुढं.

कुंकवाचा_करंडा
ओटीचं सामान वेगवेगळ्या दुकानांतून, शेवटच्या क्षणी घेऊ नये. दहा घरांत बारा-पंधरा ओट्या धरल्या तर एकदाच आणून पुड्या बांधून ठेवाव्यात. एका ओटीला पाच मुठी तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी, दोन विड्याची पानं, हळदी-कुंकू. पंधरा ओट्यांना साडेतीन-चार किलो तांदूळ पुरतो. नारळ दोन जास्त घ्यावेत, एखादा नासका निघतोच. पानं मात्र त्याच दिवशी घ्या. मेच्या उन्हात दुपारपर्यंत करपतात, ओल्या फडक्यात गुंडाळून न्यावीत.

साड्या पुण्याहून ओझं करून आणण्यापेक्षा शहापूर-वडगावात घ्या. विणकरांची पेठ आहे, भाव बरा लागतो आणि आवडली नाही तर बाई दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन बदलून आणू शकते. हा मोठाच फायदा. एका घरात तीन जावा असतील तर तिघींना एकाच भावाच्या साड्या, रंग वेगळे. दराची चिठ्ठी काढायची पण दुकानाची पावती आत ठेवायची. पुरुषांना टॉवेल-टोपी किंवा शर्टपीस.

पोरांचे कपडे मापाअभावी हमखास चुकतात. त्यापेक्षा रंगपेटी, गोष्टीची पुस्तकं आणावीत. पुस्तक आणताना पोर कुठल्या माध्यमात शिकतंय हे विचारा. सीमाभागात एकाच घरात एक मराठी शाळेत, एक कन्नड आणि एक इंग्रजी शाळेत असू शकतं. मराठी अस्खलित बोलणाऱ्या मुलाला मराठी वाचता येईलच असं नाही, आणि सगळ्यांसमोर त्याला वाचायला लावून लाजवू नका. मोठी अक्षरं, चित्रं असलेलं पुस्तक द्या आणि शेजारी बसून वाचून दाखवा.

ज्या काकूंचे, मावशींचे यजमान गेलेत त्यांना वगळून बाकीच्यांची ओटी भरणं फार वाईट. त्यांना आधी, हातात साडी आणि फळ द्यावं. आता पुष्कळ घरांत त्यांनाही हळदी-कुंकू लावतात, पण तिथं आपलं मत पुढं करू नये. सुनेला किंवा लेकीला आतल्या खोलीत हळूच विचारावं आणि त्यांना स्वतःला जे बरं वाटेल ते करावं.

मळवाट
करंडाताई, पावतीची युक्ती उत्तम. जेवणाचं कसं करावं? प्रत्येक घर जेवायलाच बसवतं, आणि एकेक जेवण म्हणजे तीन तास.

कुंकवाचा_करंडा
दिवसाला जेवणाची घरं दोनच आणि बाकी चहाची. कोणतं घर कशाचं हे तुम्हीच आधी फोनवर सांगायचं. ‘काही करू नका’ म्हणाल तर चूल पेटलीच म्हणून समजा. त्याऐवजी नेमकं मागा: ‘वहिनी, चारला येतो, ताक आणि शेंगा द्या, जेवायला शनिवारी आहोत.’ माणसाला काहीतरी करून घालायचं असतं, ते आपण ठरवून दिलं की त्यांचाही जीव हलका होतो. संध्याकाळी चार ते आठमध्ये चहाची चार घरं होतात, प्रत्येकी चाळीस मिनिटं आणि मधे चालण्याची वेळ. पाचवं घर धरलंत की शेवटच्या दोन घरांत तुमचं लक्ष घड्याळाकडं राहतं.

वारांचंही बघा. मटणाचं आवताण बहुतेक रविवारी-बुधवारी असतं. माळकरी, लिंगायत किंवा जैन सोयऱ्यांचं घर त्याच दिवशी नंतर ठेवू नका. आधी माळकऱ्यांकडं सकाळी, मग दुपारी दुसरीकडं. एकादशीला कुणाकडं जेवण लावू नये. मधुमेहवाल्यांनी चहा बिनसाखरेचा हवा हे पहिल्या फोनवरच सांगावं. चहा समोर आल्यावर सांगितलं की दुसरा ठेवतात, आणि अर्धा तास गेला.

हिरण्यकेशी
एवढी धावपळ करण्यापेक्षा सगळ्या भाऊबंदांचा एक मेळावा घ्या असं मी म्हणेन. एक रविवार, एक जागा, साठ माणसं. खर्च सगळ्या शाखांनी वाटून घ्यायचा. मेमध्ये मंगल कार्यालयं लग्नांना गेलेली असतात, म्हणून गावच्या देवळाचं सभागृह किंवा कुणाच्या मळ्यातली आंब्याखालची जागा बघा. मळ्यात असेल तर पाण्याची आणि बायकांच्या शौचालयाची सोय आधी डोळ्यांनी बघून यायची, ऐकीव नको.

साठ जणांच्या शाकाहारी जेवणाचा अंदाज देतो, आचाऱ्याशी बोलायला उपयोगी पडेल. चपातीला कणीक ५ किलो (माणशी दोन-अडीच चपात्या), तांदूळ साडेचार किलो, आमटीला तूरडाळ २ किलो, उसळीला कोरडी मटकी २ किलो, सुकी भाजी ५ किलो, तेल ३ लिटर. गोडाला हुग्गी करा: खपली गहू अडीच किलो, गूळ तेवढाच, वर दोन-तीन नारळांचं दूध. गहू सडून रात्रभर भिजत घालावा लागतो, सकाळी आठवलं तर शिजत नाही. गूळ गहू पूर्ण मऊ झाल्यावरच टाकायचा, आधी टाकला तर दाणा टणकच राहतो. श्रीखंड मेमध्ये नको, दुपारपर्यंत आंबतं. मठ्ठ्याला ५ लिटर दही, त्याचं पंधरा लिटर होतं. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे सहा जार. उन्हाळ्यात माणशी दोन लिटर धरायचंच.

क्रम असा ठेवा: दहाला जमणं, अकराला ओळखी, बाराला सगळ्यांचा फोटो, साडेबाराला म्हातारी माणसं आणि पोरांची पहिली पंगत. फोटो जेवणानंतर ठेवला तर अर्धी माणसं निघून गेलेली असतात. पहिली पंगत उशिरा बसली तर साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांना चक्कर येते. प्रत्येक शाखेला एका रंगाची फीत द्या, म्हणजे कोण कुणाचं हे पोरांनाही कळतं. माईक आणू नका, भाषणं सुरू होतात.

तंबाखू_बाजार
मेळावा चांगला, पण घरी जाण्याच्या बदल्यात नको. ऐंशीच्या पुढची माणसं मेळाव्याला येत नाहीत, आली तरी गर्दीत ऐकू येत नाही. ज्यांची परिस्थिती ओढग्रस्तीची आहे ती वर्गणी ऐकूनच टाळतात आणि कारण दुसरं सांगतात. वर्गणी घ्यायचीच असेल तर माणशी नको. शाखेवर धरा, आणि शाखेतल्या कर्त्यानं आपापसात बघून घ्यावं. शिवाय सासरच्या लोकांसमोर बहीण आपलं दुखणं बोलत नाही. ते तिच्या स्वयंपाकघरात, तुम्ही पाटावर बसून शेंगा सोलत असाल तेव्हा निघतं.

हिरण्यकेशी
वर्गणीचं पटलं, शाखेवरच धरावी. आणि मेळावा शेवटच्या रविवारी ठेवावा, पहिल्या नाही. पहिल्या रविवारी घेतला तर ‘भेट झाली की’ म्हणून पुढचं घरोघरचं जाणं गळतं.

चंदगडी_काजू
गावची लक्ष्मी यात्रा असेल तर मेळाव्याची गरजच नाही. बेळगाव तालुक्यात आणि इकडं चंदगड-गडहिंग्लजकडं पुष्कळ गावांत ही यात्रा काही वर्षांच्या अंतरानं येते आणि त्या वेळी गावच्या सगळ्या लेकीबाळी माहेरी येतात. पण यात्रेत घरी जागा नसते, पाणी कमी पडतं, वाहनं गावाबाहेर लावावी लागतात. अंथरूण-पांघरूण आपलं न्यावं, शहरात नातेवाईक असतील तर झोपायला तिकडं जावं. यात्रेच्या घरी रोख आहेर द्यावा. त्या घराचा खर्च मोठा झालेला असतो, वस्तूपेक्षा पैसे कामी येतात.

आवताण नसताना दुसऱ्याच्या गावच्या यात्रेत जेवायला जाऊ नये. आणि आलेलं आवताण टाळायचं असेल तर आधी कळवावं, कारण मटण माणसं मोजून सांगितलेलं असतं.

मार्कंडेय_काठ
जुन्या माणसांकडून घराण्याची माहिती लिहून घेण्याचं काम याच भेटीत करा. ते पुढच्या वर्षावर टाकायचं नसतं.

पद्धत सांगतो. ए-थ्री आकाराचा कागद आडवा धरून मधे आजोबांची पिढी लिहा. वर आणि खाली जागा सोडा. प्रत्येक बाईचं माहेरचं नाव, सासरचं नाव, माहेरचं गाव हे तीन रकाने सक्तीचे. पुष्कळ वंशावळींत बायकाच नसतात, आणि मग आत्याकडची सगळी फांदी गळून पडते. सोबत कुलदैवत, देवक, मूळ गाव विचारा. लहानपणी गेलेल्या भावंडांची नावंही विचारा, फक्त हळू विचारा.

‘जन्म कधीचा?’ याला उत्तर मिळत नाही. घटनांना धरून विचारावं. १९५६ च्या प्रांतरचनेच्या वेळी शाळेत होता का? कोयनेचा भूकंप झाला (डिसेंबर १९६७) तेव्हा लग्न झालं होतं का? ७२ च्या दुष्काळात थोरला केवढा होता? हिडकल धरणाच्या बाजूची माणसं गाव उठल्याच्या आधी-नंतर असं सांगतात. एवढ्यावरून साल दोन-तीन वर्षांच्या फरकानं बसतं.

ध्वनिमुद्रण करताना परवानगी घ्या, फोन विमान मोडवर टाका, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर टॉवेलवर ठेवा आणि पंखा बंद करा. पंख्याची घरघर नंतर काढता येत नाही. एका बैठकीला चाळीस मिनिटं पुरे, थकलेला माणूस नावं अदलाबदल करतो. दोघा म्हाताऱ्या भावंडांना एकत्र बसवलंत तर एकमेकांना दुरुस्त करत पुष्कळ बाहेर येतं. जुने फोटो अल्बममधून ओढून काढू नका, चिकटलेले असतात आणि वरचा थर सोलतो. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता वरून फोटो घ्या आणि कुणाचा कोण हे त्याच वेळी बोलून नोंदवा.

आणखी एक आधार म्हणजे हेळवी. सुगीनंतर गावोगाव फिरून घराण्याची वंशावळ वाचून दाखवणारे आणि नवी नावं चोपडीत चढवणारे हे लोक बेळगाव, कोल्हापूर, सांगली भागात अजून येतात. मेमध्ये ते दारात येतीलच असं नाही, पण आपल्या गावाला कुठले हेळवी येतात हे भाऊबंदांत कुणाला तरी ठाऊक असतं. आले की फोन लावून द्यायला सांगून ठेवा. त्यांना धान्य किंवा दक्षिणा देण्याची रीत आहे, ती पाळावी.

१९५६ पूर्वी हा भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळं जुने उतारे, शाळेची रजिस्टरं मराठीत, कधी मोडीतही सापडतात. नंतरचे कागद कन्नडमध्ये. आडनाव कन्नडमधून मराठीत येताना बदललेलं असू शकतं, म्हणून नाव पडताळताना बापाचं नाव आणि गाव दोन्ही जुळवा.

शहापूर_पेठ
वाटणीचा वाद असलेल्या घरांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. दोन चुलत्यांचं बोलणं बंद असेल तर दोघांकडं जायचं, शक्य तर एकाच दिवशी, आणि हे दोघांनाही आधी सांगायचं. एकाकडं मुक्काम केलात तर दुसऱ्याकडं जेवण. एकाचा निरोप दुसऱ्याकडं न्यायचा नाही, चांगला असला तरी. आहेर अगदी सारखा.

‘आलाच आहेस तर एक सही कर’ असं कुणी म्हणालं तर प्रेमानं नाही म्हणा. कागद कन्नडमध्ये असतो आणि तो वारस नोंदीचा आहे, वाटणीचा की हक्कसोडीचा हे वाचता न येणाऱ्याला कळत नाही. फोटो काढून घ्या, कन्नड वाचणाऱ्या वकिलाला दाखवा, मग सही. बहिणींना हे विशेष सांगणं आहे. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि वडील त्या वेळी हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. हक्क सोडायचा की नाही हा तिचा प्रश्न. पण तो विचार करून सोडावा, ओटी भरताना घाईत सही करून नव्हे.

कोरडवाहू
हे फार महत्त्वाचं लिहिलंत.

मळवाट
आणखी एक विचारतो. परतताना कुंदा, करदंट न्यायचं तर केव्हा घ्यावं? आणि परतीच्या दिवशी अथणी धरली तर खरेदी राहते.

लोंढा_जंक्शन
कुंदा खव्याचा, मेमध्ये बाहेर दोन-तीन दिवसच टिकतो. बेळगाव सोडायच्या दिवशी सकाळी घ्या, त्याच दिवशीचा आहे का विचारून. गरम असताना डबा बंद करून देऊ नका म्हणावं, वाफ धरली की लवकर खराब होतो. करदंट डिंक-सुक्यामेव्याचं, आठवडे टिकतं, ते आधी घेतलं तरी चालतं. गोकाकवरून जाणार असाल तर तिथंच घ्या. मांडे हवे असतील तर दोन दिवस आधी सांगावे लागतात, आणि प्रवासात चुरा होतात. कपड्यांच्या बॅगेत नको, पत्र्याच्या डब्यात कागद घालून हातात घ्या.

अथणीचं असं करा. बेळगावहून सकाळच्या गाडीनं कुडचीला उतरा, सामान बहिणीच्या घरच्या कुणाला तरी स्टेशनवर बोलावून त्यांच्याकडं द्या, बसनं अथणी, दुपारचं जेवण तिथं. मिरजेची बस दुपारी तीनच्या आत धरा. उसाच्या पट्ट्यातला रस्ता आहे, सव्वा-दीड तासावर भरवसा ठेवू नका, अडीच तास धरा. मिरजेहून पुण्याची रात्रीची गाडी घेतली तर घाई होत नाही. कुंदा बहिणीच्या फ्रिजमध्ये ठेवाल तेव्हा निघायच्या अर्धा तास आधीचा गजर लावून ठेवा, डबा तिथंच राहतो.